विषारी झाड रचायचं तर आधी त्याच्या पोटापाण्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही नाशिकला राहता, मराठीत अद्भुतकादंबरी लिहिताय आणि तिचा डोंगराळ मुलूख त्र्यंबक-हरिहरच्या बाजूवर बेतलाय. त्या मुलखासाठी तुम्ही पंधरा जीवघेण्या वनस्पती आणि बुरश्या तयार केल्यात: घनदाट रानातला गळा आवळणारा वेल, नुसत्या वासानं मारणारी अळंबी, शिवताच माणसाचा दगड करणारं फूल वगैरे. खर्डा वाचलेल्यांचं म्हणणं असं की सगळ्या सारख्याच वाटतात आणि एकीचीही भीती वाटत नाही. म्हणून तुम्हाला आणखी भयानक कल्पना हव्या आहेत.

माझ्या मते कल्पना कमी पडलेल्या नाहीत. अडचण ही की पंधराही जणी तुमच्या नायकाची वाट बघत उभ्या आहेत. तो त्या वाटेनं आलाच नाही तर त्या काय खातात, पाणी कुठून घेतात, बी कसं पसरवतात, याचा तुमच्या वर्णनात पत्ता नाही. स्वतःचा संसार नसलेल्या झाडाला वाचक लगेच ओळखतो. ते लेखकानं तिथे आणून ठेवलंय हे त्याला दिसतं.

किती खोलात जायचं हे अर्थात प्रसंगावर आहे. एखादी वनस्पती कादंबरीत दोन ओळींपुरती येणार असेल तर नाव, एक ठळक खूण आणि तिच्यामुळे गावकऱ्यांना लागलेली एक सवय एवढं पुरे. जिच्यामुळे कथानक वळणार आहे तिचं मात्र सगळं ठरवावं लागतं. जादू किती चालते हेही तुमचं तुम्ही ठरवा. मी एक पथ्य पाळतो: जादू विषात असू द्यावी, भुकेत नको. दगड करणारं फूल चालेल, पण दगड करून त्याला काय मिळतं? समजा त्याचं बी फक्त दगडाच्या भेगेत रुजतं. मग ते वाळवंटात शोभेल, जिथे रुजायला कातळच नाही. सह्याद्रीत कातळाला काय तोटा? इथे एवढी उठाठेव करायचं त्याला कारणच उरत नाही.

वनस्पतीनं दुसऱ्याला इजा करण्याची कारणं मोजकी आहेत. पान, साल, कंद वाचवायचा. फळ खाऊ द्यायचं, पण बी चावू द्यायचं नाही. शेजारच्याला वाढू द्यायचं नाही. किंवा जमिनीत जे मिळत नाही ते प्राण्याच्या देहातून मिळवायचं. बुरशीला यात आणखी एक कारण असतं: एका यजमानात, म्हणजे ज्याच्या अंगावर ती जगते त्या जिवात, राहून पुढच्या यजमानापर्यंत पोचायचं. यातलं कारण नक्की झालं की विषाचा वेग आपोआप ठरतो. रचनेत मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो याच गोष्टीचा.

पान वाचवायचं तर इजा पहिल्याच घासाला जाणवायला हवी. अळू-सुरणाच्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्या घशात लगेच टोचतात आणि जनावर तोंड मागे घेतं. शेळीला तिसऱ्या दिवशी मारणारं पान त्या शेळीपासून वाचत नाही, तोवर झुडूप फस्त झालेलं असतं. बी वाचवायचं तर विष आत कोंडलेलं बरं. गुंज अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. चावली किंवा फोडली गेली तर आतलं अ‍ॅब्रिन जीव घेऊ शकतं. म्हणजे तुमच्या जगात एखादं बी पोरं खेळता खेळता गिळतील आणि धडधाकट राहतील, पण तेच जात्यात गेलं तर घर संपेल.

शिकार करून जगायचं असेल तर सावज जवळच पडायला हवं. त्यासाठी विष मारणारं असायची गरज नाही, पाय लुळे करणारं पुरतं. फक्त ते काही मिनिटांत चढायला हवं, नाहीतर सावज दुसऱ्याच झाडाच्या मुळाशी जाऊन मरेल आणि खत त्याला मिळेल. बुरशीचं गणित उलटं. बीजाणू लांब न्यायचे तर यजमान हिंडता-फिरता राहायला हवा, म्हणून तिची इजा उशिरा आणि सावकाश.

जागाही यातूनच ठरते. पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर सीतेची आसवं फुलतात. वरून नाजूक जांभळी फुलं, आणि खाली ओल्या मातीत सूक्ष्म जीव ओढून घेणाऱ्या बारीक पिशव्या. कातळावरची माती बोटभर, तीही पावसानं धुतलेली. त्यात नत्र जवळजवळ नसतं, ऊन आणि पाणी मात्र भरपूर. वनस्पतीला मांसाहार परवडतो तो अशाच जागी. तुमचा वेल काळ्याभोर मातीच्या रानात आहे. तिथे नत्र पायाशी पडलेलं असताना तो गळे कशाला आवळत बसेल? त्याला उघड्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, आणा. शिवाय माणसाचा देह पचवायला पोट लागतं. एवढं सावज बंद पिशवीत ठेवलं तर आधी पिशवीच सडेल. त्यापेक्षा वेलानं सावज फक्त जागच्या जागी थोपवावं. पुढचं काम माश्या, अळ्या आणि पाऊस करतात. मग त्याची खूणही आपोआप मिळते: सगळा सडा उजाड आणि मध्येच हिरव्यागार गवताचा एक लांबट पट्टा, साधारण माणसाच्या उंचीएवढा.

मारायलाच हवं का, हेही एकदा तपासा. कंदीलपुष्पाची एक जात अंजनेरीच्या नावानंच ओळखली जाते. कंदीलपुष्पांच्या फुलाची नळी आतून खाली झुकलेल्या केसांची असते. बारीक माशी आत शिरते, केसांमुळे बाहेर येऊ शकत नाही, केस सुकले की सुटते. तोवर परागकण तिला चिकटलेले असतात. माणसाला एक रात्र कोंडून पहाटे सोडून देणारं झाड कल्पून बघा. सुटलेल्याच्या अंगाला काय लागलंय आणि आता तो न कळत कुठे ओढला जाणार, यावर तुमची तीन प्रकरणं निघतील, आणि प्रेत एकही लागणार नाही.

पोटापाण्याचं ठरलं की मी चार रकाने आखतो: मार्ग, मात्रा, वेळ आणि खूण.

मार्ग म्हणजे विष आत शिरतं कुठून. लिहिणारे बहुधा पोट आणि श्वास यापलीकडे जात नाहीत, आणि ही मोठी उधळपट्टी आहे. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. खाजकुइलीची कुसं वाऱ्यानं उडूनही अंगाला लागतात. बावचीतलं सोरॅलेन कातडी उन्हाला हळवी करतं, म्हणजे भाजतं ते पुढे ऊन लागल्यावर. हा शेवटचा प्रकार कथेसाठी फार कामाचा. रात्री चोरून तोडणाऱ्याला काहीच होत नाही, दिवस वर आला की त्याच्या हातांवर फोड येतात. मग गावाला चोर शोधावा लागत नाही.

मात्रेकडे दुर्लक्ष झालं की झाड एकसुरी होतं. लाखेची डाळ, विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, ती बघा. पाऊस दगा देतो तेव्हाही ते पीक तग धरतं. अधूनमधून थोडी खाल्ली तर काही होत नाही. तीच महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की विष बरंच उतरतं. पण दुष्काळात फेकायला पाणी कुठून आणणार? लोकांना धोका ठाऊक आहे आणि तरी ते खातात, कारण दुसरं काही नाही. तुमच्या पंधरा जणींत अशी एकही नाही, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी उणीव आहे.

वेळेसाठी अमानिटा फॅलॉइडिस या मूळच्या युरोपातल्या अळंबीचा अभ्यास करा. खाल्ल्यावर साधारण सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच जाणवत नाही. मग जोरदार उलट्या-जुलाब. ते ओसरले की रोग्याला बरं वाटू लागतं, आणि नेमकं त्याच काळात यकृत निकामी होत असतं. या खोट्या उताऱ्यात गोष्ट भरलेली आहे: दुसऱ्या दिवशी वैद्याला शाल-नारळ, चौथ्या दिवशी त्याच्याच दारावर दगड. झटपट मरणात वाचकाला घाबरायला सवडच मिळत नाही.

खूण ही जाणकाराला दिसणारी आणि नवख्याच्या नजरेतून सुटणारी हवी. ती रोग्याच्या अंगावर असू शकते, जसं धोतऱ्यानं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस असंबद्ध बडबडतो. जागेतही असू शकते, किंवा जनावरांच्या वागण्यात. तुमची वासानं मारणारी अळंबी इथेच फसलीय. उघड्यावर वारा तिचा वास पांगवतो. तो पांगत नसेल तर भोवती प्रेतांचा ढीग लागेल, आणि ढीग दिसला की कुणी जवळ जाणार नाही. तिला जुन्या, ओलसर पेवात टाका. बंद पेवात ओल्या धान्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो, तो हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी बसतो, आणि आत उतरणारा गुदमरतो. हे खरोखर घडतं. तुमची अळंबी तोच वायू जास्त वेगानं सोडणारी करा. वास ठेवायचाच तर इशारा म्हणून ठेवा, मारणाऱ्या वायूला वास नको. जाणकार दोरीला दिवा बांधून आधी खाली सोडेल. दिवा विझला तर उतरणार नाही.

बुरशीला वनस्पतीसारखं वागवू नका. वर दिसते ती अळंबी म्हणजे नुसतं फळ. खरी बुरशी माती-लाकडात तंतूंच्या रूपात पसरलेली असते. नायकानं तलवारीनं अळंबी छाटली म्हणून काही संपत नाही. दुसरं म्हणजे तिचं वेळापत्रक हवेवर चालतं, आणि हे नाशिकमध्ये द्राक्षबागेच्या बांधावर कुणालाही विचारा. डावणी या द्राक्षरोगाला रुजायला पानावर पाणी टिकावं लागतं (काटेकोर बोलायचं तर ती बुरशीही नाही, वेगळ्याच गटातली आहे). भुरी या दुसऱ्या रोगाला पानावर पाणी नको, ढगाळ दमट हवा पुरते. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की बागायतदाराची झोप उडते. फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात डावणीवर बोर्डो मिश्रण निघालं. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. ते पानावर थर धरून रुजवण अडवतं. डावणी एकदा पानाच्या आत गेली की त्याचा उपयोग नाही. हाच नियम तुमच्या जगाला लावा: औषध लक्षण दिसायच्या आधी वापरायचं आणि औषधाची गोणी एकच आहे. आभाळाकडे बघून ती आज फोडायची की राखून ठेवायची, यावर गावात जे भांडण होईल त्यापुढे शेजारच्या कड्यावर उगवणारं उताऱ्याचं फूल फारच गुळगुळीत वाटतं.

माणसाला बाहुलं करणारी बुरशी जवळजवळ प्रत्येक नव्या जगात असते. मूळ उदाहरण मुंग्यांवरच्या ऑफिओकॉर्डिसेप्सचं. ग्रासलेली मुंगी झुडपावर चढते, पानाच्या शिरेला चावा घेऊन तिथेच मरते आणि तिच्या डोक्यामागून बुरशीचा दांडा निघतो. पण अशी बुरशी ठरावीक जातीच्या मुंगीला बांधलेली असते, आणि माणसाच्या अंगाची ३७ अंशांची ऊब बहुतेक बुरश्यांना मानवत नाही. माणसावर आणायचीच असेल तर या दोन अडथळ्यांचं काहीतरी करा. मी सहसा अन्नाची वाट धरतो, तिथे अंगात वाढायची अटच नाही. येवला-नांदगाव-मालेगावच्या बाजरीवर येणारा अरगट हा बुरशीचा रोग घ्या. फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा लागली की कणसावर मधासारखे चिकट थेंब येतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी. बियाण्यासाठी त्यावर उपाय असा: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकायचं, तरंगणाऱ्या गाठी आणि हलकं बी काढून टाकायचं, खाली बसलेलं साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. युरोपात राय धान्यावरच्या अरगटानं बोटं काळी पडून झडत आणि माणसांना झटके येत. आणि १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेल्या मक्यातल्या अ‍ॅफ्लाटॉक्सिननं शंभराहून जास्त माणसं दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. जादूचा लवलेश नसलेल्या या गोष्टींतून तुम्हाला मीठ महाग झाल्यानं उद्‌ध्वस्त होणारं राज्य मिळू शकतं.

आता शेजाऱ्यांबद्दल. विषारी झाडाजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं त्याला नुसती घाबरून राहत नाहीत, ती त्याचा वापर करतात. गेळाच्या फळानं मासे गुंगवून धरतात. बिब्ब्याच्या तेलानं कातडी उतते, तरी तो औषधात आहे आणि धोबी त्यानंच कपड्यांवर न पुसणारी खूण करत. पावसाच्या तोंडावर येणारी शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. हे ज्या पात्राला माहीत आहे त्याची किंमत तलवारबाजापेक्षा जास्त. तेव्हा प्रत्येक वनस्पतीपुढे लिहा: हिचा उपयोग कोण करतं, तयार कशी करतात, आणि कुठली पायरी चुकली की जिवावर येतं.

हे सगळं एकत्र कसं बसतं ते दाखवायला एक झाड इथेच रचतो. नाव पेंगाळी. जागा: गडांवरच्या उघड्या टाक्यांचे काठ, माती नावापुरती. भूक: नत्राची, आणि तीही पहिल्या पावसात, कोवळी पानं फुटताना. म्हणजे जनावरं उन्हाळ्याच्या शेवटी मरायला हवीत. पेंगाळी आपल्या मुळांतून टाक्यात एक गुंगीचा अर्क सोडते, वर्षभर, सारखाच. श्रावणात टाकं भरलेलं असताना तो इतका पातळ असतो की काही कळत नाही. चैत्र-वैशाखात पाणी तळाला जातं आणि तेच पाणी पिणाऱ्याला झापड येते. विषानं कुणी मरत नाही. तापलेल्या कातळावर भर दुपारी पेंगून पडल्यानं मरतं. पहिला वळीव हाडं-कातडं काठाला आणतो आणि झाडाचं वर्ष सुरू होतं.

एवढं ठरल्यावर बाकीचं झरझर सुचतं. गावकऱ्यांनी कातळात रेघ कोरलीय, पाणी तिच्या खाली गेलं की टाकं बंद. काठावर उंबर जपलाय, तो तोडायला मनाई, कारण सावलीत पेंगलेला माणूस संध्याकाळी उठून बसतो. सुकवलेलं पान म्हातारी माणसं झोपेसाठी चहासारखं उकळून घेतात. आता बाहेरचं सैन्य वैशाखात गडावर येतं. सेनापती शहाणा आहे, पाणी उकळून प्या म्हणतो. उकळून पाणी आटतं आणि अर्क आणखी दाट होतो. सरपण म्हणून ते तोडतात उंबर. इथे लेखकानं कुणाला मारलेलं नाही, प्रत्येक चूक त्यांची त्यांनीच केलीय.

रचून झालं की एक कसोटी उरते: हे झाड सगळीकडे का पसरलं नाही? त्याला काहीतरी अडवत असणार. उंची, पाणी, एखादा किडा किंवा त्याचीच सावली. पेंगाळीला वाहतं पाणी चालत नाही, म्हणून ती खाली नदीकाठी उतरत नाही. बाहेरून आलेल्या झाडाला मात्र अडवणारं कुणी नसतं. गाजर गवत अमेरिकेकडून आलं आणि इथे त्याला खाणारं काही नव्हतं, मग पुढे मेक्सिकन भुंगे आणून सोडावे लागले. तुमच्या जगात एखादी वनस्पती परकी असेल तर तिला असंच बेसुमार माजू द्या, पण मग ती कुणी आणि कशातून आणली हे सांगावं लागेल.

पंधरांपैकी चारच जीवघेण्या ठेवा. निदान पाच-सहा त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, खायला चालणाऱ्या करा आणि त्या आधीच्या प्रकरणांत कुणाच्या तरी ताटात येऊ द्या. वाचकाला ओळख पटली की पुढे देठाचा रंग जरासा वेगळा आहे एवढं वाक्य पुरतं. खऱ्या झाडावरून बेतलेल्या विषाची कृती मात्र कादंबरीत जशीच्या तशी देऊ नका. नाव बदला, एक-दोन पायऱ्या गाळा.

पुढची दुरुस्ती घरात बसून करू नका. भाद्रपदात अंजनेरीला जा. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा काही तोडायचं, उपटायचं नाही, आणि ओळख नसलेलं काही शिवायचं-चाखायचंही नाही. वही आणि भिंग पुरे. एखादं झुडूप निवडून त्याच्याजवळ तासभर बसा. माती किती खोल आहे, उतार कुठल्या दिशेला आहे, शेजारी काय वाढलंय, काय वाढत नाही, हे लिहा. कुठली पानं कुरतडलेली आहेत आणि कुठल्या पानाला कुणीच तोंड लावलेलं नाही, हे सगळ्यात आधी.